गिअर खरखरला म्हणून चावी सोडू नका



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता गाडी शिकताहेत. कुणाला गटाचा माल बाजारात न्यायचाय, कुणाला घरची गाडी चालवायचीय. शिकताना प्रश्न मात्र एकच येतो, "गिअर टाकताना खर्रर्र आवाज आला. गिअरबॉक्स गेला का हो?"

नाही गेला. एकदा-दोनदा आवाज आला म्हणून गिअरबॉक्स जात नाही.

क्लच पूर्ण दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात. मग आतलं एक कडं, बहुधा पितळेचं, दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करतं आणि गिअर अलगद बसतो. क्लच अर्धवट दाबला किंवा घाई केली, तर वेग जुळायच्या आधीच दाते घासतात. मिक्सर चालू असताना भांडं बसवायला गेलं तर कसं खडखडेल, तसंच हे.

आवाज आला की जोर लावू नका. गिअर न्यूट्रलला आणा, क्लच तळापर्यंत दाबा, क्षणभर थांबा, मग टाका.

रिव्हर्स तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकूच नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ते कडं नसतं. म्हणून क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा. तरी खरखरलं, तर आधी पहिला टाका, मग रिव्हर्स.

जपायचं ते वेगळ्याच चुकीला. गाडी वेगात आहे, पाचव्यातून चौथा टाकायचा होता आणि चुकून दुसरा पडला. अशा वेळी खरखर होईलच असं नाही, पण क्लच सोडताच इंजिन झेपणार नाही इतकं जोरात फिरतं. इंजिन किंचाळलं की लगेच क्लच परत दाबा.

क्लच पूर्ण दाबूनही एकाच गिअरला रोज आवाज येत असेल, तर ते कडं झिजलेलं असू शकतं. सगळ्याच गिअरला येत असेल, तर क्लच नीट सुटत नसेल. अशी गाडी मेकॅनिकला दाखवा, गिअर ऑईलही बघायला सांगा. क्लच नुसता सेट करायचा असेल तर काम थोडक्यात भागतं, गिअरबॉक्स खोलायची वेळ आली तर खर्च मोठा. गटाची गाडी असेल तर बिल घ्या, वहीत नोंद करा.

आणि एक सांगते. आवाज झाला की शेजारी बसलेला माणूस म्हणतो, "सरक, तुला नाही जमायचं." त्यानंही शिकताना गिअर खरखरवलेच असतील. आज चावी दिली, तर उद्या परत मागायला दुप्पट धीर लागतो. गाडीचा हप्ता आपण भरायचा आणि माल भरून ड्रायव्हरची वाट बघत बसायचं, हे कशासाठी?

म्हणून तायांनो, क्लच पूर्ण दाबा, घाई करू नका, आणि सीटवरून उठू नका.