माळ पडीक नसतो



नारायणगावहून जुन्नरकडे निघालेला प्रवासी दुतर्फा द्राक्षबागा, ऊस, कांदा आणि टोमॅटोचे मळे पाहून सुखावतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी ही हिरवाई आणली. तिच्यामागील शेतकऱ्याच्या कष्टांना वंदनच केले पाहिजे. परंतु हाच प्रवासी पूर्वेकडे आणे पठारावर चढला, अथवा आंबेगाव तालुक्यात लोणी-धामणीच्या बाजूला वळला, की त्याला उघडा, तांबूस, खड्यांनी भरलेला माळ दिसतो. वैशाखात त्यावर वाळल्या काड्यांखेरीज काही नसते. प्रवाशाच्या तोंडून सहज शब्द निघतो, 'पडीक!' या एका शब्दामुळे केवढी हानी होत आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

माळाची कुळकथा मोठी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हारस पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थंड झाला. त्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. यातील काही थर घट्ट, काळ्या कातळाचे आहेत. काहींमध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने ते सच्छिद्र झाले. ऊन, वारा आणि पाऊस यांनी हा खडक झिजतो, तेव्हा प्रथम मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. वीतभर माती तयार होण्यास कित्येक शतके, बहुधा सहस्रके लागतात.

खडक एकच असताना माती मात्र ठिकठिकाणी निराळी का? याचे उत्तर उतारात आहे. माथ्यावरचे पाणी थांबत नाही. ते बारीक कण आणि चुन्याचा अंश घेऊन खाली जाते. माथ्यावर उरते ती वीतभर जाडीची, खडेमिश्रित, भुरकट तांबूस माती. हवा खेळती असल्याने तिच्यातील लोह गंजते, म्हणून तो तांबूस रंग. खाली नदीकाठी साचते ती खोल, चिकण काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात खोदले की पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात. माथ्यावरून वाहून आलेला चुना तो हाच. अथर्ववेदातील भूमिसूक्तात पृथ्वीला तपकिरी, काळी आणि तांबडी म्हटले आहे. जुन्नरच्या एकाच टेकडीवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत आले, तर हे तिन्ही रंग पायाखाली येतात.

माळाच्या मातीचा मुख्य गुण म्हणजे तिचा निचरा. भिजून फुगलेली काळी माती पाणी फार सावकाश आत घेते. माळाची माती मात्र ते चटकन पोटात घेते आणि खालच्या मुरमाकडे सोपवते. स्वतःजवळ ती फारसे ठेवत नाही, म्हणून चार दिवस पावसाने ओढ दिली की तिच्यावरचे पीक माना टाकते. शेतकऱ्याच्या हिशेबात ही उणीवच ठरते. गावाच्या हिशेबात मात्र तेच दान आहे. दख्खनच्या खडकात भूजलाची साठवण अल्प असते. झिजलेल्या खडकाच्या शंभर भागांत उपसता येईल असे पाणी जेमतेम दोन-तीन भाग. ते मुरमात, सच्छिद्र थरांत आणि खडकाच्या फटींत राहते, आणि तेथे पोहोचण्याच्या वाटांपैकी एक मोठी वाट माळावरून जाते. खालच्या मळ्यातील विहिरीला मार्गशीर्षात जो झरा लागतो, त्याचे पाणी बहुधा आषाढ-श्रावणात वरच्या माळाने प्यालेले असते.

पाणी कोठे मुरते आणि कोठे थांबते, याची जाण आपल्या पूर्वजांना होती. शिवजन्माने पावन झालेल्या शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी अखंड कातळात कोरलेली आहेत, कारण घट्ट कातळ पाणी सोडत नाही. जुन्नर परिसरातील लेण्यांजवळही अशी टाकी आहेत. प्राचीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. नाणेघाटातील सातवाहन राज्ञी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेत गायींचे आकडे हजारांत येतात. एवढे गोधन ज्या समाजाजवळ होते, त्याच्याजवळ चराईची कुरणेही असणारच.

माळाचे खरे पीक गवत होय. कुसळी, पवना, मारवेल यांची तंतुमुळे मुरमाच्या फटींत शिरतात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला वाट करून देतात. या गवतावर गावाची गुरे जगतात. दिवाळीनंतर पारनेरकडचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाची वाट धरतात. वाटेत ते शेतकऱ्याच्या रानात वाडा बसवतात आणि शेताला खत मिळते. चंडोल, ससा, लांडगा यांचेही घर हेच.

मग असा माळ 'पडीक' ठरला कसा? १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणीची नवी पद्धत रूढ केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. पावणेदोन हात खोल, एकजात उत्तम मातीला सोळा आणे आणि पाव हात मातीला तळाचा दर्जा, अशी ती प्रतवारी होती. शेतसारा ठरवण्यापुरती ती योग्य होती. पण साऱ्याची मोजपट्टी हीच भूमीच्या मूल्याची मोजपट्टी होऊन बसली. लागवडीस अयोग्य भागाला सात-बाराच्या उताऱ्यावर आजही 'पोटखराबा' म्हणतात. इंग्रज गेले, शब्द राहिले. अमेरिकेत १८९९ पासून मातीचे सर्वेक्षण चालू आहे. ज्वालामुखीच्या खडकावरील अशाच उथळ, उत्तम निचऱ्याच्या मातीची नोंद तेथे 'कुरणाची माती' अशी होते आणि तिच्यावर किती गवत येईल तेही लिहिले जाते. जी गोष्ट तेथे उपयोगाच्या रकान्यात आहे, ती आपल्याकडे खराब्याच्या रकान्यात!

नावामुळे दृष्टी बदलते, आणि दृष्टीमुळे कृती. 'पडीक' म्हटले की मुरूम उपसायला, यंत्र लावून सपाट करायला, अतिक्रमण करायला मन कचरत नाही. वृक्षारोपणाच्या उत्साहात जिवंत गवत उखडून खड्डे घेतले जातात, हेही घडते. सपाट केलेल्या माळावर ठिबकाने द्राक्ष-डाळिंब उत्तम येते, हे खरे आहे, कारण त्या पिकांना निचरा मानवतो. परंतु पाणी जितक्या चटकन मुरमात उतरते, तितक्याच चटकन त्यात विरघळलेले खतही उतरते आणि खालच्या विहिरीत पोहोचते. दुसरीकडे, अतिचराईने गवत नष्ट झाले की पावसाचे थेंब उघड्या मातीवर आदळतात, बारीक कणांनी तिची रंध्रे बुजतात, आणि जे पाणी मुरायचे ते माती घेऊन ओढ्याला लागते. धरणांतील गाळात याच मातीची भर पडते.

आंबेगावच्या पश्चिम भागात पावसाचे आणि मातीचे मान निराळे आहे. तेथील माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. मुख्य निमित्त अतिवृष्टीचे होते. परंतु उतारावर झालेल्या फेरबदलांकडेही अभ्यासकांनी बोट दाखवले. पाण्याची जुनी वाट मोडताना दहादा विचार करावा, एवढा बोध तरी त्या दुःखातून घेतला पाहिजे.

उपाय परका नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची भूमी याच दख्खनच्या खडकावरची. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, श्रमदान केले, समतल चर खणले, गवत कापून नेण्याची शिस्त लावली. माळावर गवत आले आणि विहिरींना पाणी आले. गावाने स्वतःला बंधन घालून घेतले, हे या यशाचे मर्म आहे. कायदाही पाठीशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

कार्यकर्त्याचे काम येथून सुरू होते. गावचे गायरान किती, त्याच्या सीमा कोणत्या, मुरूम कोण आणि कोणाच्या परवानगीने नेतो, हे ग्रामसभेत विचारावे. गवत पिकेपर्यंत माळाचा एक भाग आळीपाळीने राखावा, आणि हा निर्णय गुराखी व धनगर यांना बरोबर बसवूनच घ्यावा, कारण माळ सर्वांत जवळून तेच ओळखतात. शाळेतील मुलांना एकदा पहिल्या मोठ्या पावसात माळावर न्यावे. राखलेल्या गवतातून येणारे पाणी आणि उघड्या जमिनीवरून येणारे पाणी दोन बाटल्यांत भरून त्यांच्यासमोर ठेवावे. एक नितळ असेल, दुसरे गढूळ. त्यानंतर त्या मुलांपैकी कोणी माळाला पडीक म्हणणार नाही.