राखणदार ओरडला तर



आंब्याच्या दिवसांत बागेला राखणदार ठेवतात. रात्री पाला सळसळला की तो हाळी देतो. कधी खरोखर चोर असतो, कधी साळिंदर, कधी नुसता वारा. म्हणून काही आपण राखणदाराला काढून टाकत नाही. बॅटरी घेऊन जातो आणि पाहतो.

मोबाईलमध्ये आणि संगणकातही असा राखणदार असतो. त्याला अँटीव्हायरस म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही तो तयार होतो बरं का! सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे दोघे भाऊ. थोरले कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, धाकट्यांनी प्रोग्राम लिहिला. १९९५ साली पुण्यात त्यांची कंपनी उभी राहिली. तीच आजची क्विक हील.

हा राखणदार चोर ओळखतो कसा? त्याच्याजवळ जुन्या चोरांच्या खुणांची यादी असते. यादीत नसेल त्याची तो चालचलणूक पाहतो. चालचलणुकीवरून संशय घेणे म्हणजे काय, हे आम्हा मास्तरांना सांगायला नको. त्यात गरीब पोरगाही सापडतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधली एक जरुरीची फाईलच चोर ठरवली. जगभर संगणक बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले. कंपनीला यादी मागे घ्यावी लागली.

आता कॅसिनोच्या प्रोग्रामकडे येऊ. रमी, तीन पत्ती, फिरते चक्र, असे हे पैसे लावायचे खेळ. कोणी नक्कल करू नये म्हणून त्यांचे गाठोडे घट्ट बांधलेले असते. ते आपोआप नवे भाग आणतात, जाहिराती घुसवतात. चोरही असेच वागतो. म्हणून राखणदार ओरडतो. कधी ते ओरडणे खोटे असते, हे खरे.

पण खोटे हे ठरवायचे कोणी? व्हॉट्सअॅपवर फाईल येते आणि खाली लिहिलेले असते, "इशारा खोटा आहे. अँटीव्हायरस बंद करा, मग अॅप टाका." घाटा होतो तो इथेच. ज्याला आत शिरायचे आहे, त्यानेच राखणदाराला झोपवायला सांगितले! असे अॅप बँकेचे ओटीपी वाचू शकते, मोबाईलच्या पडद्यावर नजर ठेवू शकते.

तेव्हा राखणदार बंद करायचा नाही. त्याने फाईल कोंडून ठेवली असेल तर कोंडलेलीच राहू द्यावी. शंका असेल तर व्हायरसटोटल नावाची सोय आहे. स्पेनमध्ये २००४ साली ती निघाली, २०१२ पासून गुगलकडे आहे. तिथे एकच फाईल साठ-सत्तर राखणदारांना दाखवता येते. एकदोघेच ओरडले तर इशारा खोटा असण्याचा संभव असतो. मात्र चोर अगदी नवा असला तरी बहुतेक गप्प बसतात, हे ध्यानात ठेवा. आणि तिथे घरचे खाजगी कागद टाकू नका. ते दुसऱ्यांच्या हाती जाऊ शकतात. खरा निवाडा अँटीव्हायरसच्या कंपनीने करावा. तिला कळवले की ती तपासते आणि चूक असेल तर यादी सुधारते.

समजा, फाईल निर्दोष निघाली. याचा अर्थ गाठोड्यात चोर नाही एवढाच. खेळ चांगला आहे असे कोणी म्हटलेले नाही! संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. मोठ्या कंपन्यांनी असे खेळ त्याच महिन्यात बंद केले. मग आज अशी फाईल पाठवणारा कोण असेल, तुम्हीच विचार करा. कोणी म्हणेल, पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेतच की! त्यांचा परवाना बोटीवरचा. तुमच्या मोबाईलमधल्या अॅपला तो लागू नाही.

घरात कोणी असले अॅप टाकून बसला असेल तर त्याला रागावत बसू नका. त्या मोबाईलचे इंटरनेट आधी बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा क्रमांक फिरवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. आलेले संदेश पुसू नका. आणि तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो आपल्या हाताने वहीत लिहून ठेवा.