जुनी गच्ची आणि पावसाचे पाणी

रायपूरला लागून असलेले उरला हे गाव आज लोखंडाच्या भट्ट्यांसाठी आणि रोलिंग मिलसाठी ओळखले जाते. छत्तीसगडच्या या मुलखात पूर्वी घरांवर उतरती कौले असत. पाऊस पडला की पाणी क्षणभरही न थांबता वळचणीला उतरे. पुढे कारखाने आले, वस्ती दाटली आणि कौलांच्या जागी सिमेंटच्या सपाट गच्च्या आल्या. वाळवणाला आणि उन्हाळ्यात रात्री निजायला माणसाला जागा लाभली. पण त्याबरोबरच गळतीची चिंताही घरात आली.

ही चिंता किती मोठी आहे, हे साध्या हिशेबाने कळेल. रायपूरकडे वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर याप्रमाणे सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. ते वाहून गेले तर प्रश्न नाही. तुंबले तर ते वाट शोधते, आणि जुन्या गच्चीत अशा वाटा पुष्कळ असतात. उन्हाळ्यात तापून गच्ची प्रसरण पावते, रात्री आकसते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान चाळीस अंशांनी पालटले, तर त्याची लांबी सुमारे चार मिलिमीटर कमीअधिक होऊ पाहते. या ओढाताणीने भेगा पडतात.

अशा घराचा मालक बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर गवंड्याला बोलावतो आणि विचारतो, 'वरून काय लावायचे?' येथेच पहिली चूक होते. काय लावायचे हा दुसरा प्रश्न आहे. पाणी कोठे थांबते आणि कोठून शिरते, हा पहिला. छतावर ओलीचा डाग जेथे दिसतो, त्याच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही; पाणी स्लॅबच्या आत दूरवर सरकते. बहुतेक वेळा दोष कठड्याच्या बुडाशी, पावसाळी नळाच्या तोंडाशी किंवा पाण्याच्या टाकीखाली सापडतो. त्यातच उरल्यासारख्या ठिकाणी भट्ट्यांची काजळी गच्चीवर साचून नळाचे तोंड बुजवते. ते मोकळे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

यानंतर उपाय निवडावा. जुन्या लोकांचा भरवसा विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर. तो नीट घातला तर पुष्कळ वर्षे टिकतो, पाण्याला उतार देतो आणि उष्णताही अडवतो. परंतु चार-साडेचार इंच जाडीच्या कोब्याचे ओझे दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर जाते. जुन्या कोब्यावर नवा चढवणे म्हणजे थकलेल्या हमालाच्या डोक्यावर दुसरी गोणी ठेवणे. डांबरी पडदा वजनाने हलका असतो आणि आच देऊन चिकटवला जातो. मात्र त्याचे सांधे कुशल हातांनीच जुळवावे लागतात आणि उन्हापासून त्याला संरक्षण लागते. पांढरा ॲक्रिलिक लेप स्वस्त, हलका आणि घर थंड ठेवणारा. पण साचलेले पाणी त्याला सोसत नाही, आणि काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो. गच्चीवर पत्र्याचे उतरते छप्पर घालणे हाही एक मार्ग आहे. त्याला परवानगी लागते आणि वादळात उडणार नाही अशी बांधणीही लागते.

या सर्वांहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. छताचा गिलावा फुगून पडत असेल किंवा सळया उघड्या दिसत असतील, तर प्रश्न केवळ ओलीचा राहत नाही. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते आणि काँक्रीटला आतून फोडते. अशा वेळी आधी स्थापत्य अभियंत्याला छत दाखवावे. वरून लेप दिल्याने डाग झाकला जाईल. त्याखाली निजणारी मुले सुरक्षित होणार नाहीत.

छत धड असेल, तर क्रम सोपा आहे. प्रथम भेगा भराव्यात, कठड्याशी असलेला काटकोनी कोपरा सिमेंटने गोलसर करावा आणि जेथे पाणी साचते तेथे उतार द्यावा. मग स्लॅब जे वजन पेलू शकेल, आणि घरमालकाला ज्याची निगा राखणे परवडेल, ते आवरण निवडावे. हे काम एप्रिल-मेमध्ये, स्लॅब पुरता कोरडा असताना करावे. ओल्या पृष्ठभागावर लेप वा पडदा नीट धरत नाही.

मराठवाड्यातील माळवदाच्या घरात राहणारा शेतकरी दरवर्षी पावसाआधी वर चढून माती सारखी करी आणि पन्हळ मोकळी करी. सिमेंट आले तेव्हा ही कटकट कायमची मिटली, असे लोकांना वाटले. ती मिटलेली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडू घेऊन गच्चीवर जाण्याचे काम आजही उरलेलेच आहे.