‘ढ’ हा शब्द आता पुरे
(राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावात बचत गटाच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी ठरावावर अंगठा देताना एक ताई म्हणाल्या, "चार वर्षं शाळेत गेले, पण अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी ढच." म्हणून माझी गोष्ट सांगते.

शाळेत मोठ्यानं वाचायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. ‘कमल’चं ‘कलम’ व्हायचं. छड्या खाल्ल्या, मग धडे ऐकून पाठ करू लागले. तिशीत एम. एस. डब्ल्यू. ला गेले. तिथं डिस्लेक्सियावर व्याख्यान झालं. एकेक लक्षण ऐकताना वाटलं, ही तर मीच! तपासणी अजून व्हायची आहे, म्हणून ‘असावा’ एवढंच म्हणते.

हा आळस नाही, मंदबुद्धीही नाही. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालणं अशा माणसाला जड जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ही अक्षमता मान्य केली आहे.

प्रत्येकीचं कारण हेच असेल असं नाही. कुणाची शाळा लांब होती, कुणाच्या कडेवर भावंड होतं. पण मुलगा मागं पडला की शिकवणी लावतात आणि मुलगी मागं पडली की तिला घरी बसवतात. मग कारण शोधणार कोण?

तेव्हा आज ठरवू या. ठराव मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही-अंगठा करायचा नाही. लेक वाचताना अडखळली तर शाळा सोडवायची नाही, तपासणी मागायची. आणि स्वतःला ‘ढ’ म्हणायचं नाही.