सुकाणू, कमानी आणि जुनी फियाट



वसंत व्याख्यानमालेत संत, साहित्य आणि स्वातंत्र्य यांविषयी बोलण्याची रीत आहे. त्या जागी उभे राहून मोटारीच्या स्प्रिंगांविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच. परंतु ज्या गाडीत मुलाबाळांना बसवून आपण सोलापूरच्या रस्त्याला लागतो, तिची पुढची दोन चाके कशाच्या आधाराने वळतात हे ठाऊक असणे मला तरी कोणत्याही विद्वत्तेइतकेच गरजेचे वाटते.

इटालियन मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लाल रंगाची, जमिनीला टेकलेली शर्यतीची गाडी उभी राहते. ती कवठे महांकाळात कुठली यावयाची? पण तिची एक साधी बहीण आपल्याकडे घरोघर ओळखीची आहे. एन्झो फेरारी यांनी स्वतंत्र झाल्यावर १९४० साली ज्या पहिल्या दोन शर्यतीच्या मोटारी बांधल्या, त्यांचा सांगाडा फियाट ११०० चा होता, आणि इंजिनही फियाटच्याच भागांतून जुळविलेले होते. त्या दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. त्याच ११०० घराण्यातील १९५३ सालची पिढी पुढे मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. म्हणजे याच रस्त्याच्या पुढच्या मुक्कामाचे. फियाट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी, अशी नावे बदलत गेली. इंजिन मात्र १०८९ घनसेंटिमीटरचेच राहिले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. खाजगी गाड्या मात्र अजून लोकांनी जिव्हाळ्याने सांभाळल्या आहेत, आणि त्या सांभाळणाऱ्यांना हल्ली एक हौस लागली आहे : खालची अंगे बदलून गाडी 'सुधारून' घ्यावयाची.

ही हौस वाईट नाही. तिला एक सबळ कारणही आहे. पूर्वीच्या अरुंद, खडबडीत रस्त्यावर ताशी तीस-चाळीस मैलांच्या पुढे जाण्याची सोयच नव्हती. स्टिअरिंगमध्ये चार बोटे खेळ असला तरी चालून जाई. आता मिरजेहून आपल्या गावावरून सांगोल्याकडे चौपदरी महामार्ग गेला आहे. जुना रस्ता गाडीचे दोष झाकीत असे. नवा रस्ता ते उघडे पाडतो. ताशी ऐंशी किलोमीटरला तीच चार बोटे गाडीला शेजारच्या ट्रकखाली नेऊ शकतात.

स्टिअरिंगला मी सुकाणू म्हणणार आहे. गॅरेजमध्ये मात्र हा शब्द वापरू नका, मिस्त्री तुम्हांला नाव कुठे बांधली आहे म्हणून विचारील.

आपल्या बैलगाडीला सुकाणू नाही. तिथे बैल वळतात आणि आस त्यांच्यामागून फिरते. चार चाकांच्या बग्गीत मात्र पुढची दोन्ही चाके सारखी वळवून भागत नाही, कारण वळणाच्या आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. ही युक्ती म्युनिकच्या एका गाडीकाराने काढली आणि १८१८ साली ॲकरमन नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती आजही प्रत्येक मोटारीत आहे.

आता चाक नुसते वळत नाही. ते वर-खालीही होते. फियाटच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात धरून ठेवतात, मध्ये गुंडाळीची स्प्रिंग असते. सुकाणूकडून चाकाकडे जाणारा दांडा, ज्याला टाय रॉड म्हणतात, त्या हातांशी मेळ राखून झुलला पाहिजे. मेळ आहे तोवर चाक खड्ड्यात गेले तरी सरळच राहते. कोणी हौशी माणूस गाडी शर्यतीच्या मोटारीसारखी खाली बसावी म्हणून स्प्रिंगची एक गुंडाळी कापतो. हातांचे कोन बदलतात, दांड्याचा झोका वेगळ्या कमानीत फिरू लागतो, आणि चाक उचलले की गाडी मालकाला न विचारता वळते. दोष मग रस्त्याला दिला जातो.

आपल्या भागात खरा घोटाळा उलट बाजूने होतो. फियाटच्या मागे कमानपाटे आहेत. ओझे जास्त म्हणून मालक एक पाटा वाढवतो, मागचा भाग उंचावतो आणि गाडी नाकावर झुकते. त्याचा सुकाणूशी काय संबंध, असे आपण विचाराल. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो हे आपण पाहिले आहे. तो तसा आहे म्हणूनच हात सोडले तरी सायकल सरळ धावते. मोटारीतही चाकाच्या वळणाच्या खुंटीला, म्हणजे किंगपिनला, मागे असाच थोडा कल दिलेला असतो. गाडी नाकावर झुकली की तो कल कमी होतो. सुकाणू हलके लागते, मालक खूश होतो. पण वळण संपल्यावर ते आपणहून परत येत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी डोलू लागते. पाटा मागे घातला, दुखणे पुढे निघाले!

रुंद टायरांचेही तसेच. मूळचा टायर अरुंद, ५.२० इंची. रुंद टायर आणि बाहेर निघालेली रिम बसवली की रस्त्याचा धक्का किंगपिनच्या रेषेपासून लांब पडतो, प्रत्येक खड्डा हातात जाणवतो आणि बुश लवकर झिजतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, नवे काही घालण्यापूर्वी जुने किती झिजले आहे ते पाहावे. गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळा द्यावा. चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ आढळला तर किंगपिन किंवा बेअरिंग पाहावे. मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवावे. तिथला खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकांचा असतो. गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिर झाली तर शॉकअप ठीक, झुलत राहिली तर गेला. निम्म्या गाड्यांचे दुखणे ग्रीसच्या अभावाचे असते हे सांगताना मला मिस्त्रीमंडळींची माफी मागावी लागेल, कारण यात त्यांचा धंदा बुडतो.

चांगले शॉकअप आणि चांगले रेडियल टायर ही खरी सुधारणा, असे मी मानतो. मात्र टायर मूळ रुंदीच्या जवळचा हवा. रबराऐवजी कडक प्लॅस्टिकचे बुश घालणे मला रुचत नाही. या गाडीला स्वतंत्र चासी नाही, पत्र्याची कायाच सांगाडा आहे. रबर जो धक्का गिळते तो कडक बुश पत्र्याला देतो, आणि तीस-चाळीस वर्षांचा पत्रा जोडाशी चिरतो.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. पलीकडे पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, १९१० पासूनची. या मुलुखात लेथवर काहीही करून देणारे हात आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण साध्या सळईतून कातलेली किंगपिन वापरू नये. ती वरून कठीण आणि आतून चिवट असावी लागते, आणि हा गुण भट्टीत येतो, लेथवर येत नाही. सुकाणूचा मोडलेला किंवा वाकलेला भाग वेल्डिंग करून तर कधीच बसवू नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. जोड दिसावयास छान दिसतो आणि वळणावर तुटतो.

कायद्याकडेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदीतल्या तपशिलात मनाजोगता फेरबदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंद मिळते, पण तिचे मूळ रूप राखलेले असावे लागते. मूळ मापाचे नवे भाग घालणाऱ्याला त्याची भीती नाही. बदललेले भाग डबीत घालून जपून ठेवावेत.

शेवटी बसवणीची एक बाब. मागच्या पाट्यांच्या डोळ्यांत नवे रबरी बुश घातले की गाडी जॅकवर लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकण्याची सवय आहे. तसे केल्यास रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेले राहते. चाके जमिनीवर टेकवावीत, गाडी दोन-चार वेळा दाबून बसू द्यावी, मग आवळावे, आणि त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.