अल्स्टरचा ध्वज



आयर्लंडच्या उत्तरेस अल्स्टर हा प्राचीन प्रांत आहे. त्याच्या सोनेरी ध्वजावर तांबडा क्रूस असून मध्यभागी पांढऱ्या ढालीवर लाल पंजा असतो. क्रूस हे द बर्ग या नॉर्मन सरदार घराण्याचे चिन्ह. पंजा हे ओनील या मूळच्या राजकुळाचे. जेते आणि जित अशा रीतीने एकाच वस्त्रावर नांदतात.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. प्रांताच्या नऊ परगण्यांपैकी सहा ब्रिटिश राज्यात राहिले, तीन स्वतंत्र आयर्लंडकडे गेले. सहा परगण्यांच्या शासनाने १९५३ ते १९७२ या काळात पांढरा ध्वज वापरला. त्यावर तांबडा क्रूस, षट्कोनी तारा, मुकुट आणि तोच पंजा होता. भूमी दुभंगली, तरी पंजा दोन्ही पक्षांनी आपलाच मानला.

ध्वजाचे रंग मुलांकडून पाठ करून घेणे सोपे आहे. त्यांमागील माणसांचा इतिहास सांगणे हेच खरे अध्यापन होय.