परदेशात इंग्रजीचे अध्यापन : आमचे पहिले वर्ष
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यवाहांची आज्ञा झाली म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. वक्तृत्वाचा आमचा अधिकार नाही. आमचा पेशा मास्तरकीचा. तोही परक्या मुलखात परकी भाषा शिकविण्याचा. तथापि अलीकडे ज्ञातीतील पुष्कळ तरुण ‘इंग्रजी शिकवावयास बाहेर जावे काय?’ अशी पृच्छा आमच्याकडे करतात. त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना एकत्रच उत्तर मिळावे, यास्तव आमच्या पहिल्या वर्षाची हकीकत चुकांसह निवेदन करतो.

२०१२ सालच्या एप्रिलअखेरीस आम्ही थायलंडला गेलो. पदरी बी. ए. ची पदवी आणि वडिलांनी पतपेढीतून काढलेले कर्ज. ज्या मध्यस्थाने ही रक्कम घेतली, त्याने आम्हांस प्रवासी म्हणून पाठविले. ‘व्हिसाचे मागाहून पाहू’ असे आश्वासन दिले. बँकॉकच्या ईशान्येस नाखोन राचासिमा नावाचे शहर आहे. नाव उच्चारून पाहा, त्यात आपले ‘नगर’ आणि ‘राजसीमा’ हे शब्द ऐकू येतील. तेथील शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आमचा पासपोर्ट पाहिला व शांतपणे सांगितले, ‘या कागदावर तुम्हांला वर्गात उभे केले, तर तुमचाही गुन्हा आणि आमचाही.’ त्यांनी शाळेचे रीतसर पत्र दिले व आम्हांस परत धाडले. दोन आठवड्यांच्या आत आम्ही पुन्हा घराच्या उंबरठ्यावर! वडील एक शब्द बोलले नाहीत. तेच अधिक लागले. पुढे मुंबईच्या थाई वकिलातीतून नोकरीचा व्हिसा मिळवून आम्ही परतलो. परंतु दुसऱ्या तिकिटासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, हे आम्ही कधी विसरलो नाही.

पहिला तास तर फारच फजितीचा झाला. पन्नास मुले एका सुरात नमस्कार करून बसली. आम्हांला आमच्या मास्तरांनी शिकविले तसे आम्ही फळाभर व्याकरण लिहिले. मुले हसतमुख होती. आम्हांस वाटले, समजले! तास संपता संपता एकास प्रश्न केला, तेव्हा कळले की ते हसू केवळ सौजन्याचे होते. थाई भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचे रूप पालटत नाही. ‘काल’ म्हटले की भूतकाळ झाला. तेव्हा आमचे बारा काळांचे कोष्टक त्यांच्या दृष्टीने निव्वळ नक्षीकाम होते.

पुढे जून महिन्यात एका गुरुवारी गुरुवंदनेचा सोहळा झाला. त्यास ते ‘वाय ख्रू’ म्हणतात. ‘ख्रू’ म्हणजे आपला गुरूच, आणि त्यांच्या गुरुवाराचे नावही बृहस्पतीवरूनच आलेले आहे. मुले गुडघ्यांवर सरकत आली व आमच्या हाती त्यांनी फुलांचे तबक दिले. त्यात होत्या दूर्वा! तुडविली तरी पुन्हा पसरते, तशी विद्या वाढावी म्हणून दूर्वा. खाली झुकलेले वांग्याचे फूल विनयाचे. आणि टोकदार कळ्यांची एक्झोराची फुले कुशाग्र बुद्धीची. ज्यांना तीन आठवड्यांत आम्ही काही म्हणता काही शिकविले नव्हते, ती मुले आमच्यापुढे मस्तक नमवीत होती. भगिनींनो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीच विद्यार्थी झालो. थाई वर्णमाला शिकू लागलो. ती आपल्याप्रमाणेच क-वर्गापासून सुरू होते. तेव्हा उमगले की थाई उच्चारात शब्दाच्या शेवटी ‘ल’ येत नाही, तेथे ‘न’ होतो. म्हणून मुले ‘फुटबॉल’ला ‘फुटबॉन’ म्हणत. ‘स’ शेवटी ‘त’ होतो. त्यांना मंद ठरविण्याचे पाप आमच्या हातून होता होता टळले.

इतक्यात आमचेही एक उणे उघडे पडले. इंग्रजीतील दोन निरनिराळे उच्चार आपण एकाच ‘व’ने भागवितो, ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बंडी, हे आमच्या तोंडून कोणास कळत नसे. थाई मुलांचेही तेच. मग आम्ही आरसा घेतला, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून महिनाभर घोकंपट्टी केली आणि तोच आरसा वर्गात नेला. जी चूक आपण स्वतः दुरुस्त केली, ती दुसऱ्यास दाखविणे सोपे जाते. इंग्रजी ज्याची मातृभाषा, त्यास हे कष्ट ठाऊक नसतात. आपली खरी पुंजी हीच.

मात्र ही पुंजी सर्वांस दिसते असे नाही. आमच्याच शाळेत कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या एका इंग्रज तरुणास आमच्याहून अधिक वेतन होते. दक्षिण कोरियात इंग्रजी-शिक्षकाचा व्हिसा मुख्यत्वे सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांस मिळतो. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० साली अमलात आला, तेव्हा अध्यापनाची सनद असलेल्या भारतीयांस साहाय्यक म्हणून ते दार थोडे उघडले. हे आधी जाणून घ्यावे, म्हणजे पुढे मन कडवट होत नाही.

तरुणांस इतकेच सांगणे : शाळेचे पत्र व योग्य व्हिसा हाती आल्यावाचून विमानात बसू नका. कामाच्या परवान्यावाचून वर्गावर उभे राहू नका. नोकरी ‘लावून देणाऱ्या’स वडिलांचे पैसे देण्याऐवजी ते शिक्षणावर खर्च करा, बी. एड. करा, किंवा केंब्रिजचा ‘सेल्टा’सारखा अभ्यासक्रम करा. तो सुमारे १२० तासांचा असून त्यात सहा तास परीक्षकांसमोर प्रत्यक्ष शिकवावे लागते. आम्ही ते सहा तास आधी केले असते, तर पन्नास मुलांचे तीन आठवडे वाया गेले नसते.

आणि संघाच्या चालकांस एक विनंती. शिष्यवृत्ती-निधीतून अशा प्रशिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देण्याची तरतूद व्हावी. आईच्या पाटल्या आम्ही दुसऱ्या वर्षी सोडविल्या. त्या रकमेइतकी अल्प देणगी या कामी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करतो. ती गोड मानून घ्यावी.